जीप तुमचीच समजा

दीनानाथ खांबेटे जीप घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत शिरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, मांडीवर नारळ होता आणि कपाळाला एवढं कुंकू होतं की गॅलरीत उभ्या असलेल्या कुसुमताईंना क्षणभर वाटलं, नवऱ्याला कुठेतरी लागलंच. मग त्यांना जीप दिसली, आणि लागलं असतं तर परवडलं असतं असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. सावकाश जिना उतरून त्या खाली आल्या, जीपभोवती एक फेरी मारली आणि थांबल्या.

"ह्याला दारं कुठायत?"

"लष्करी जीप आहे, कुसुम. हिला दारं नसतातच. सैनिकाला झटकन उडी मारता आली पाहिजे."

"तुम्ही कुठे उडी मारणार आहात?"

कुसुमताई एरंडवण्यातल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत. समोरच्याने उत्तर सांगितलं की आधी त्याची रीत विचारायची, ही त्यांची घरातलीही सवय होती. हिला दार नाही, छप्पर नाही, मागच्या बाकाला गादी नाही, आणि उजवीकडचा दिवा डावीकडे बघतो, असं सगळं त्यांनी मोठ्याने मांडलं आणि उत्तर काढलं, "मी ह्यात बसणार नाही. हे मी एकदाच सांगते." मग त्या चहा टाकायला वर गेल्या. चहा एकच कप टाकला असणार, हे दीनानाथांनी खालूनच ओळखलं.

पंचाईत अशी होती की दीनानाथांनी जीप घेतली होती ती कुसुमताईंना बसवण्यासाठीच.

लोकांना सांगायला त्यांच्याजवळ दुसरं कारण होतं. तरुणपणी ते लष्करात भरती व्हायला गेले होते. तिथल्या माणसाने छातीभोवती फीत गुंडाळून श्वास घ्यायला सांगितलं. दीनानाथांनी घेतला, पण फीत जागची हलली नाही. मग जन्मभर विम्याच्या कचेरीत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या जिवाची काळजी वाहिली. निवृत्त झाल्यावर लष्करी जीप घ्यायची म्हणजे त्या फितीवर सूड उगवायचा, असं ते बागेत फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगत आणि मित्रांना ते पटेही. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते एकाहत्तरच्या डिसेंबरातलं होतं.

दोन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत दीनानाथांचं लग्न लांबलं होतं, आणि लांबत लांबत नेमकं लढाईच्या दिवसांत आलं होतं. वरातीसाठी मामांनी उघडी मोटार ठरवली होती. बॅंडवाले कार्यालयाच्या दारात येऊन बसले होते. आणि संध्याकाळी ब्लॅकआउट. गॅसबत्त्या लावायच्या नाहीत, मोटारीचे दिवे लावायचे नाहीत. बॅंडवाले जेवून परत गेले आणि नवरानवरी अंधारात चाचपडत पायी घरी आली. वाटेत नागनाथ पाराजवळ कुसुमताईंच्या पायातली नवीकोरी चप्पल कुठेतरी निसटली. काडी ओढून शोधायचीही सोय नव्हती. त्या तशाच एका चपलेने दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि सासूबाई त्यांच्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या ते "दुसरी कुठाय?" हे होतं.

पुढे दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला कुसुमताई ही हकिकत न रागावता, न हसता सांगत. वरातीचं नाव त्या चुकूनही घेत नसत, फक्त चपलेचं घेत. दीनानाथांना मात्र त्यात वरातच ऐकू येई आणि दर वर्षी ती थोडी जास्त लागे. येत्या डिसेंबरात पंचवीस वर्षं होणार होती. त्या दिवशी हिला उघड्या गाडीत शेजारी बसवून पुण्यातून मिरवायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जीप मिळाली ती वाघोलीला. तिथल्या जयसिंगच्या वडिलांनी, गेनबांनी, ती कधीकाळी लष्कराच्या लिलावात घेतली होती. गेनबा गेले, जयसिंगने रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून बंद काचांची नवी गाडी आणली आणि जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. भंगारवाला येऊन बघून गेला, पण जयसिंगची आई मुक्ताबाई त्याला जीपला हात लावू देईना. त्यांच्या आळीतला प्रत्येक नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जायचा, तो ह्याच जीपमधून. असे गेलेल्या सगळ्यांचे संसार नीट झाले होते. एकच जण हट्टाने भाड्याच्या पांढऱ्या मोटारीतून गेला होता. त्याची बायको दिवाळीला माहेरी गेली ती अजून आली नव्हती.

अशा जीपला पुण्याहून गिऱ्हाईक आलं, तेही ती जिवापाड सांभाळीन म्हणणारं, तेव्हा मुक्ताबाईंना भरून आलं. त्यांनी दीनानाथांना फेटा बांधवला, आग्रह करकरून पुरणपोळी वाढली आणि जीप मारुतीसमोर उभी करून तिची पूजा केली. निघताना त्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाल्या, "दादा, गाडी तुमाला दिली. पर आता आमच्या पोरान्ला मारुतीला कोण न्ह्यायाचं?"

दीनानाथांना पुरणपोळी चढली होती आणि फेटाही चढला होता. ते म्हणाले, "मावशी, जीप तुमचीच समजा. केव्हाही सांगा."

हे वाक्य पुण्यात सगळेच बोलतात. 'घर तुमचंच समजा' असं दारात उभं राहून, एक हात कडीवर ठेवून म्हणायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानेही 'हो, येऊ की' म्हणत जिना उतरायचा असतो. ह्यात कोणी कोणाला फसवत नाही. पिढ्यानपिढ्या असंच चाललं आहे आणि कोणी कोणाकडे गेलेलं नाही. पण वाघोलीत हे वाक्य मारुतीसमोर, नारळ फुटल्यावर, सगळ्या आळीच्या देखत बोललं गेलं होतं. मुक्ताबाईंनी पदराने डोळे पुसले, जयसिंग पाया पडला आणि गावाने ते वाक्य ठेवून घेतलं.

पुढचे काही आठवडे दीनानाथ कुसुमताईंच्या मागे लागले होते. खडकवासल्याला जाऊ, धरणावर गरम भजी खाऊ, जाताना मी अगदी हळू चालवीन. एका रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता कुसुमताई "बघू" म्हणाल्या. कुसुमताईंच्या तोंडचं 'बघू' म्हणजे दुसऱ्या कोणाचं 'चला'. दीनानाथांनी धावत खाली जाऊन डावीकडची सीट पुसली, वर एक चादर घडी करून घातली आणि मान वर केली, तर फाटकात जयसिंग उभा होता. हातात नारळ, मागे टोप्या घातलेली दोनचार माणसं.

"काका, आज आमच्या सोनबाच्या पोराचं लगीन हाय. जीप न्ह्याया आलोय."

दीनानाथांनी आयुष्यात कितीतरी लोकांना नाही म्हटलं होतं. वर्गणीवाल्यांना, भांडी विकणाऱ्यांना, सख्ख्या साडूलासुद्धा. पण हा माणूस काही मागायला आलाच नव्हता. आपली वस्तू न्यायला आला होता, वर नारळ देऊन. त्याला नाही कसं म्हणायचं हे त्यांना सुचेना. जीप दुसऱ्याच्या हाती सोडवेना, म्हणून मग ते स्वतःच चालवत गेले. संध्याकाळी परत आले ते आणखी एक फेटा, आणखी एक नारळ आणि बुंदीचा पुडा घेऊन. कुसुमताई मेथीची भाजी वाढत म्हणाल्या, "कसा होता खडकवासला?"

एकदा पायंडा पडल्यावर मग काय. ती आळी झाली, शेजारची आळी आली. शेजारच्या आळीतून बाहेर दिलेल्या मुलींच्या सासरचे आले. लग्नसराई जोरात होती आणि दीनानाथ रविवारमागून रविवार कोणा ना कोणा घामाघूम नवरदेवाला शेजारी बसवून मारुतीला नेत होते. नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असे, ती गचक्यासरशी त्यांच्या डाव्या दंडाला लागे. गावातली पोरं त्यांना जीपकाका म्हणू लागली. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं. मिरवणुकीत पुढे बॅंड, मागे बायका, आणि मधे आपण स्टिअरिंग धरून ताठ बसलेले. फक्त शेजारी बसलेलं माणूस दर वेळी चुकीचं असे.

कपाटात फेट्यांना जागा पुरेना. कुसुमताईंनी काही फेट्यांच्या उशांसाठी खोळी शिवल्या, काही खिडक्यांना लावले. त्यामुळे खांबेट्यांच्या घरात सकाळचं ऊन गुलाबी आणि संध्याकाळचं केशरी येऊ लागलं. "म्हणजे जीप त्यांची, पेट्रोल आपलं आणि ड्रायव्हर माझा," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर गोडबोले मात्र एवढ्यावर भागवणारे नव्हते. जीप न्यायला येणारी मंडळी उत्साहाच्या भरात खालीच नाचायला लागत आणि दुपारी गोडबोल्यांचा डोळा लागत नसे. एक दिवस फलकावर सूचना झळकली, 'वाहनतळात हळद सांडू नये. नवरदेवाच्या मित्रांनी नाचायचे असल्यास वाघोलीस जाऊन नाचावे. दुपारी एक ते चार तेथेही नाचू नये.' खाली सही नव्हती. अक्षर गोल, टपोरं, फळ्यावर लिहून लिहून वळण लागलेलं होतं. दीनानाथांनी ते ओळखलं आणि जेवताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पावसाळ्यात लग्नं थांबली. जीप मोकळी झाली, पण तिला छप्पर नव्हतं. दीनानाथांनी तरीही एकदा विचारून पाहिलं. "छत्री मी धरू की तुम्ही?" कुसुमताईंनी विचारलं, आणि तो विषय तुळशीच्या लग्नापर्यंत मिटला.

डिसेंबर लागला तेव्हा मात्र दीनानाथांना राहवेना. रात्रीची जेवणं झाली होती, कुसुमताई एका केशरी फेट्याची किनार उसवत होत्या. दीनानाथ म्हणाले, "वाढदिवस यंदा रविवारी येतोय. मी म्हणतो, जीपमधून एक चक्कर मारू. लांब नाही."

"कुठपर्यंत?"

"नागनाथ पारापर्यंत."

कुसुमताईंचा हात थांबला. त्यांनी फेटा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नव्या चपला आणायला हव्यात मग."

त्या रात्री दीनानाथांना आनंदाने झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. जयसिंग होता आणि त्याच्या आवाजात हसू मावत नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ बजरंग, ज्याचं लग्न जमता जमेना म्हणून मुक्ताबाईंनी सगळे देव पालथे घातले होते, त्याचं अखेर जमलं होतं. मुहूर्त रविवारचा होता. "आई म्हन्ती, बाकी काय बी ऱ्हाऊ द्या, जीप पायजे. बजरंग त्याबिगर मारुतीला जायाचा न्हाय."

दीनानाथांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराशी नव्या चपलांचा खोका ठेवलेला होता. आणि ज्या माणसाने सबंध नोकरीत कधी खोटा आजार सांगून रजा घेतली नव्हती, तो माणूस म्हणाला, "अरेरे. जयसिंग, जीप तर बिघडली आहे. गिअरबॉक्स गेला."

मग जयसिंग म्हणाला, "आसं व्हय. बरं. बघतो कायतरी." फोन ठेवल्यावर दीनानाथांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त वाईट वाटलं. मुक्ताबाई पुरणपोळीवर तूप वाढताना त्यांना दिसू लागल्या. पण खोका दाराशीच होता.

रविवारी सकाळी कुसुमताई निळी नारायणपेठी नेसून खाली आल्या. केसांत अबोलीचा गजरा होता आणि पायात नव्या चपला. गॅलऱ्यांमधून बघणाऱ्यांकडे अजिबात न बघता त्यांनी पदर सावरला, दांडीला धरलं आणि जीपमध्ये चढून डावीकडच्या सीटवर बसल्या. दीनानाथ काच पुसत होते. पुसून झालेली काच ते पुन्हा पुसत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं हिला दिसू नये. तेवढ्यात रस्त्यावर धडधड ऐकू आली आणि सोसायटीच्या फाटकातून ट्रॅक्टर आत आला. वर जयसिंग बसला होता. त्याच्या खांद्यावर भला जाडजूड दोर होता.

"काका, काळजी करू नगा," तो वरूनच म्हणाला. "गिअरबाक्स गेला तर गेला. मारुतीला जायाला विंजन कशाला लागतंय? ट्रॅक्टरनं वढत न्हेतो." मग त्याला सजून बसलेल्या कुसुमताई दिसल्या आणि त्याने घाईघाईने टोपी नीट केली. "काकू बी येत्यात? लई ब्येस झालं. आई कवाची म्हन्तीया, काकूंना आना म्हनून."

जीप सुरू केली तर खोटं उघडं पडत होतं. नाही केली तर दोर बांधला जात होता. दोघांतून काय निवडावं हे ठरेपर्यंत जयसिंगने दोर बांधून गाठ ओढून पाहिलीदेखील. गोडबोले गॅलरीत येऊन उभे राहिले होते. दीनानाथ मुकाट्याने स्टिअरिंगमागे जाऊन बसले आणि हिसक्यासरशी वरात निघाली.

डेक्कनवर येईपर्यंत कुसुमताईंनी पदर नाकाला लावून ठेवला होता. ट्रॅक्टरचा धूर सरळ तोंडावर येत होता. बाजूने जाणारे स्कूटरवाले आधी ट्रॅक्टरकडे, मग दोराकडे आणि मग नारायणपेठीकडे बघत. चौक आला की दीनानाथ भोंगा वाजवत, कारण दोर कोणाच्या ध्यानात येत नसे आणि माणसं मधूनच रस्ता ओलांडायला बघत. संगम पुलाच्या अलीकडे कुसुमताईंनी विचारलं, "काल संध्याकाळी तर जीप धुवायला तुम्ही ती चालवत नळापाशी नेली होती. गिअरबॉक्स रात्रीत गेला?"

"नाही."

"मग कधी गेला?"

"फोन आला तेव्हा," दीनानाथ म्हणाले, आणि बंडगार्डनचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. बजरंगचं लग्न, मुक्ताबाईंचा हट्ट, दाराशी ठेवलेला खोका. एवढं सांगितल्यावर उरलेलंही राहवेना. उघडी मोटार, परत गेलेले बॅंडवाले, आणि ही जीप मुळात कशासाठी घेतली तेही सांगितलं. कुसुमताई ऐकत होत्या. येरवडा मागे पडला तरी त्या समोरच बघत होत्या.

"खोटं बोलायचंच तर असं बोलावं, की त्याचा ताळा कोणाला करता येऊ नये," त्या अखेर म्हणाल्या. "गिअरबॉक्स काय. जीप चोरीला गेली म्हणायचं."

"तुला उतरायचंय का? रिक्षा बघतो."

"तेव्हा पायी गेले होते. आज ओढत का होईना, गाडीतून चाललेय. मी उतरणार नाही." मग थोड्या वेळाने, "पण तिथे गेल्यावर त्या मुक्ताबाईंना खरं काय ते सांगायचं. तुम्ही. माझ्यासमोर."

वाघोलीत आळीच्या तोंडाशीच बॅंड उभा होता. जीप दिसताच तो वाजायला लागला. मांडवाच्या दारात बजरंग मुंडावळ्या बांधून, कट्यार घेऊन, आता तरी खरंच लग्न होतंय की नाही अशा चेहऱ्याने उभा होता. जयसिंगने दोर सोडला आणि ट्रॅक्टर पाहुणे आणायला दुसऱ्या कोणाबरोबर पाठवून दिला. मुक्ताबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. दीनानाथ खाली उतरले, चष्मा काढला, पुसला, घातला.

"मावशी, गिअरबॉक्स चांगला आहे. मी जयसिंगशी खोटं बोललो."

बॅंड मधेच बंद पडला. जयसिंगचा चेहरा उतरला. दीनानाथ खाली बघत कसंबसं सगळं बोलले, आज आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा हिला वरात मिळाली नव्हती, म्हणून. मुक्ताबाईंनी ताट सुनेच्या हातात दिलं. त्या दीनानाथांकडे न जाता जीपकडे गेल्या आणि कुसुमताईंच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

"आगं माझे बाई, अंधारात चालत गेलीस व्हय," त्या म्हणाल्या. मग दीनानाथांकडे वळल्या. "आन तुमी दादा, हे आदी सांगायचं न्हाय का? वाजंत्री तुमच्या दारात धाडली असती. तुमी आमच्या पोरान्ला न्हेताय, आमी आमच्या लेकीला न्हेलं नसतं?"

दीनानाथांनी चष्मा परत एकदा पुसला. आता निदान जीप तरी झोकात सुरू करावी म्हणून ते पुन्हा चढले आणि त्यांनी चावी फिरवली. जीपने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. पुन्हा फिरवली, तर उसासाही नाही. एरंडवण्यापासून वाघोलीपर्यंत प्रत्येक चौकात वाजवलेल्या भोंग्याने बॅटरी संपवली होती. ट्रॅक्टर गेला होता. मुहूर्त जवळ येत होता.

"ढकलावी लागेल," जयसिंग म्हणाला. आळीतले लोक बाह्या सरसावून मागे जमले, बजरंगला मधल्या फटीत दाटीवाटीने बसवायचं ठरलं, आणि दीनानाथ स्टिअरिंग धरून ताठ बसले. तेव्हा कुसुमताई वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही का बसलात? खोटं तुम्ही बोललात. तुम्ही ढकला."

"आणि स्टिअरिंग?"

"मी धरते. पुण्यापासून बघतेच आहे."

त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. दीनानाथांनी जीप दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, डाव्या पायाने क्लच दाबून धरायचा आणि मी 'सोड' म्हटलं की सोडायचा, एवढं सांगितलं आणि ते मागे गेले. कुसुमताई पलीकडे सरकल्या. नव्या चपला क्लचवर घसरतात हे लक्षात येताच त्यांनी त्या काढल्या, वाकून रस्त्याकडेला जोडीने नीट ठेवल्या आणि पाय दाबला. शेजारी बजरंग चढला. त्याने एका हाताने कट्यार आणि दुसऱ्या हाताने काचेची चौकट घट्ट धरली.

"हर हर महादेव" म्हणत सगळ्यांनी जोर लावला. जीप हलली, वेग धरू लागली, दीनानाथ धापा टाकत "सोड" म्हणाले, आणि कुसुमताईंनी सोडला. जीप खोकली, एकदा सगळ्या अंगाने हादरली आणि ढकलणाऱ्यांच्या हातून निसटून धावत सुटली. बॅंडवाल्यांना वाजवत वाजवत पळावं लागलं. देवळासमोर आल्यावर जीप थांबेल म्हणून बायका ताटं घेऊन उभ्या होत्या, पण कुसुमताईंनी शांतपणे स्टिअरिंग वळवलं आणि जीप देवळाला वळसा घालून पुन्हा समोर आली. मग पुन्हा गेली.

"परदक्षिणा घालतीया," मुक्ताबाई हात जोडून म्हणाल्या. "आजपतुर कुनी जीपनं परदक्षिणा घातली न्हवती."

"काकू, थांबवा की," जयसिंग बाजूने पळत म्हणाला. "नवऱ्याला उतरू द्या."

"थांबवली की बंद पडेल. मग पुन्हा ढकलाल का?"

जयसिंगने मागे बघितलं. ढकलणारे सगळे गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते. तेव्हा पुढच्या फेरीला त्याने आणि दोघांनी मिळून बजरंगला चालत्या जीपमधून कट्यारीसकट अलगद उतरवून घेतलं आणि देवळाच्या पायरीवर ठेवलं.

दीनानाथ आळीच्या तोंडाशी एकटेच उभे होते. हात काळे झाले होते, चष्मा नाकावर घसरला होता. उघडी गाडी होती, बॅंड होता, केसांत गजरा होता, भर दिवसाचा लख्ख उजेड होता, आणि शेजारची सीट आता रिकामीही झाली होती. पंचवीस वर्षं त्यांनी मनात जे रंगवलं होतं ते सगळं समोर गोल फिरत होतं, फक्त ते स्वतः त्यात नव्हते. तेवढ्यात त्यांना पायाशी धुळीत नव्या चपला दिसल्या. त्यांनी त्या उचलल्या आणि पळत सुटले. त्या फितीवाल्याने आत्ता मोजली असती तर छाती नक्की भरली असती.

जीप वळसा घेऊन आली तेव्हा त्यांनी दांडी पकडली आणि झटकन आत उडी मारली. दार नव्हतं म्हणूनच हे जमलं. कोणीतरी दोघांवर अक्षता टाकल्या, त्यातल्या काही त्यांच्या चष्म्यात अडकल्या.

"चपला राहिल्या माझ्या," कुसुमताई समोर बघत म्हणाल्या.

"आणल्यात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

कुसुमताईंनी मान हलवली. मग त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि जीप बॅंडसकट आणखी एका फेरीला लागली.